‘कड’ आणि ‘क्विड’ एकच का? भाषांतरात अडलंय

अर्धविराम

दोन इंग्रजी पुस्तिकांचं मराठी करायचं आहे. एक तोंडाच्या कर्करोगावर, दुसरी दुभत्या जनावरांच्या आहारावर. पहिलीत ‘क्विड’ हा शब्द पानोपानी आहे, स्पेलिंग क्यू-यू-आय-डी. दुसरीत ‘कड’, सी-यू-डी. कोशात ‘क्विड’ला विडा, तंबाखूची गोळी आणि एक पौंड असे अर्थ सापडले. ‘कड’ला बहुतेक ठिकाणी रवंथ. पण एका जुन्या इंग्रजी कोशात ‘कड’चा दुसरा अर्थ ‘तोंडात धरलेली तंबाखू, म्हणजेच क्विड’ असा दिलाय आणि पुढे हा वापर गावंढळ असल्याची टीप.

म्हणजे हे दोन शब्द एकाच घरातले आहेत का? पौंडवाला ‘क्विड’ आणि ‘क्विड प्रो क्वो’ (एकाच्या बदल्यात दुसरं) मधला लॅटिन ‘क्विड’ यांचा यात काही संबंध? आणि मुख्य अडचण : ‘क्विड’ला सगळीकडे ‘विडा’ लिहिलं तर चालेल का? पुस्तिकेत एक वाक्य असं आहे की रोज क्विड जिथे ठेवला जातो तिथलंच अस्तर आधी पांढरं पडतं. ‘विडा ठेवला जातो’ लिहिलं की तबकात ठेवल्यासारखं वाटतंय.

धातुसाधित

एकच शब्द आहे. दोन स्पेलिंगं, दोन वाटा.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, हा शब्द तीन रूपांत लिहिलेला सापडतो : ‘क्विदु’, ‘क्वुदु’ आणि ‘कुदु’. मूळ रूप ‘क्विदु’. पुढच्या अक्षरातल्या ‘उ’च्या ओढीने आणि मागच्या ‘व’च्या संगतीने मधल्या ‘इ’चा ‘उ’ झाला, मग ‘वु’मधला ‘व’ गिळला गेला. त्याच काळात लाकडाला ‘विदु’ म्हणत, त्याचं ‘वुदु’ झालं आणि आजचा ‘वुड’ आला. वाट तीच. ‘कुदु’चा ‘कड’ झाला आणि तो प्रमाण इंग्रजीत गायीच्या तोंडाशी चिकटला. काही बोलींनी मात्र ‘क्वि’ सोडला नाही. त्या बोलींतला ‘क्विड’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील इंग्रजीत तंबाखूच्या घासासाठी दिसू लागतो. तुम्हाला कोशात दिसलेला तंबाखूवाला ‘कड’ हा या दोन भावांचे कपडे अदलाबदल झाल्याचा पुरावा. अमेरिकेतल्या खेड्यांत तंबाखूलाही ‘कड’ म्हणत.

गंमत म्हणजे ‘क्विक’चंही जुन्या इंग्रजीत ‘कुकु’ असं रूप होतं. तिथे ‘कुकु’ मेला, ‘क्विक’ जगला. इथे दोन्ही जगले.

आता अर्थ. ‘कड’ म्हणजे चावलेलं अन्न असं आपण धरून चालतो, पण ‘क्विदु’चा दुसरा अर्थ होता डिंक, राळ. जुन्या इंग्रजी औषधी पोथ्यांत ‘पांढरा क्वुदु’ असं एक द्रव्य येतं. ते म्हणजे ग्रीसच्या खिऑस बेटावर होणारी, चघळायची राळ. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून जे पिवळसर खडे मिळतात, तीच. तोंडात टाकली की आधी कचकन फुटते, मग मऊ होऊन च्युइंगगमसारखी ताणते. तेव्हा ‘तोंडात धरून चघळायचा चिकट गोळा’ ही या शब्दाची जुनी कल्पना. गायीचा घास आणि माणसाची तंबाखू दोन्ही तिच्यात बसतात.

याचा आपल्याकडचा सख्खा भाऊ तुम्हाला माहीत आहे, फक्त ओळखीचा वाटणार नाही. संस्कृत ‘जतु’, म्हणजे लाख. महाभारतातलं लाक्षागृह ज्या उपपर्वात येतं त्याचं नाव जतुगृहपर्व. आणि डोंगरकड्यांतून पाझरणारं ‘शिलाजतु’, म्हणजे दगडाची लाख, त्याचं आपण शिलाजीत केलं. शिलाजीतमधला ‘जीत’ आणि इंग्रजी ‘कड’ एकाच मुळाचे.

हे नुसतं कानाला लागतं म्हणून नाही, नियमात बसतं. संस्कृत आणि इंग्रजी ज्या एका मूळ भाषेतून आल्या, तिच्यातला एक ‘ग्व’सारखा ध्वनी इंग्रजीच्या घराण्यात ‘क्व’ झाला, आणि संस्कृतात, पुढे मुळात ‘इ’ किंवा ‘ए’ असेल तर ‘ज’. म्हणून ‘क्विक’ आणि जीव, ‘क्वीन’ आणि जनी, ‘क्विदु’ आणि जतु. मधला ‘त’ इंग्रजीत ‘द’ होऊन ‘ड’पर्यंत पोचणं हेही ‘शत’ आणि ‘हंड्रेड’मध्ये दिसतं. लॅटिन ‘बिटुमेन’ म्हणजे डांबर, तोही याच कुळातला असं काहीजण मानतात, त्यावर मात्र वाद आहे.

पौंडाचं : संबंध नाही. एक पौंडासाठी ‘क्विड’ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बोलीत आहे. तो बहुधा लॅटिन ‘क्विड’वरून, म्हणजे ‘काय’ किंवा ‘काहीतरी’, आला असावा. ‘क्विड प्रो क्वो’ही तिथलाच. भाषांतर करताना ओळखायची सोपी खूण : पैशाचं अनेकवचन बदलत नाही, दहा पौंड म्हणजे ‘टेन क्विड’. तंबाखूला एस लागतो, ‘क्विड्स’.

खडीसाखर

आम्ही आजवर समजत होतो कडबा खाल्ल्यावर तयार होतो तो कड! 😀

बाकी एक शंका. मग ‘च्यू’ आणि आपलं ‘चावणे’ हेही भाऊ का? आवाज तर अगदी एक.

धातुसाधित

नाहीत, आणि इथे फसायला होतं. ‘च्यू’च्या सुरुवातीला मुळात ‘क’ होता. जर्मन ‘काउएन’मध्ये आजही आहे. इंग्रजीत पुढच्या ‘ए’मुळे ‘क’चा ‘च’ झाला. ‘चावणे’ आलं ते संस्कृत ‘चर्व्’वरून, प्राकृतातल्या ‘चव्व’मार्गे. चर्वण, चर्वितचर्वण, हिंदी ‘चबाना’ हे त्याचे नातेवाईक. दोघे वेगवेगळ्या गावांहून निघून एका फाट्यावर भेटलेत इतकंच. ‘च्यू’ची खरी बहीण फारसीत आहे, ‘जावीदन’, म्हणजे चावणे.

गोठा क्र. ४

शब्दाचं झालं. ‘कड’ ही वस्तू काय असते ते बघितल्याशिवाय दुसऱ्या पुस्तिकेचं भाषांतर जमणार नाही, म्हणून लिहितो.

गाय चारा खाते तेव्हा जेमतेम चावून गिळते. तो कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, जातो. मोठ्या गायीचं कोटीपोट शंभर लिटरहून मोठं असतं. तिथे चारा भिजतो, जीवाणू कामाला लागतात. गाय निवांत बसली की शेजारचा छोटा कप्पा, जाळीपोट, आकुंचन पावतो, गळ्याच्या बाजूने एक लाट वर सरकताना दिसते आणि एक घास तोंडात येतो. हाच ‘कड’. वर आल्याआल्या गाय त्यातलं पाणी दाबून परत गिळते आणि उरलेला घट्ट घास चावायला घेते. एका घासाला साधारण ४० ते ७० वेळा, पाऊण ते एक मिनिट. मग गिळते, चार-पाच सेकंद जबडा थांबतो, आणि पुढची लाट येते. असं दिवसाला सहा ते आठ तास.

हे सगळं कशासाठी, तर बारीक करण्याइतकंच लाळेसाठी. दुभती गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ गाळते. त्या लाळेत सोडा असतो, खायचा सोडा तोच. कोटीपोटातलं आम्ल तो मारतो. पुस्तिकेत ‘कड च्यूइंग’ कमी होण्याबद्दल जे प्रकरण असणार ते याचंच. खुराक एकदम वाढवला किंवा चारा भुश्यासारखा बारीक केला की चावायला काही उरत नाही, लाळ कमी, आंबटपणा वाढतो, सामू (पीएच) ५.५च्या खाली गेला की जनावर खाणं टाकतं, पातळ शेण टाकतं, दुधाची फॅट उतरते, पुढे खूर दुखतात. गोठ्यात ओळखायची रीत अशी : धारा आणि खाणं आटोपून गायी बसल्या की मोजा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असायला हव्यात. मग एकीचा जबडा मोजा. घासाला ४०च्या आत उरकत असेल तर वैरणीत लांब धागा कमी पडतोय. आजारी गाय सोडून द्या, माजावर आलेली गायही त्या दिवशी रवंथ कमी करते, तिला यात धरू नका.

आता भाषेचा मुद्दा. इंग्रजीत ‘कड’ ही वस्तू आहे. मराठीत ‘रवंथ’ ही क्रिया. त्यामुळे ‘द काऊ लॉस्ट हर कड’ याचं ‘गायीने रवंथ सोडला’ किंवा ‘रवंथ बंद झाला’ असं होतं. इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी मात्र हे वाक्य शब्दशः घेतलं होतं. गायीच्या तोंडात एक कायमचा गोळा असतो, तो कुठेतरी पडला, म्हणून ती आजारी आहे, अशी खेडोपाडी समजूत. मग तिला नवा ‘कड’ करून द्यायचा : तुपकट फडकं, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, काय वाट्टेल ते घशात कोंबायचे. कारण आणि परिणाम उलटे. रवंथ थांबला म्हणून गाय आजारी पडत नाही, आजारी पडली म्हणून रवंथ थांबतो. ताप, अपचन, पोटात तार किंवा खिळा जाणं, बाळंतपणानंतर कॅल्शियम घटणं, कारण शोधावं लागतं.

पण त्यातला एक उपाय अगदीच वेडगळ नव्हता. काही ठिकाणी निरोगी गायीच्या तोंडातून चावता घास काढून आजारी गायीला भरवत. त्यातून जीवाणू जात. आज पशुवैद्य हेच नीट करतात, निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी नळीने आजारी जनावराला देतात. गायीला किमान तीन लिटर लागतं, ८ ते १६ लिटर दिलं तर गुण जास्त. पाणी ताजं आणि कोमट हवं. गार पडलं किंवा उघडं राहिलं की हवेत न जगणारे जीवाणू मरतात आणि नुसतं आंबट पाणी पाजल्यासारखं होतं.

तेव्हा पुस्तिकेत : क्रिया असेल तिथे ‘रवंथ’, वस्तू असेल तिथे ‘रवंथाचा घास’. सगळीकडे एकच शब्द लावाल तर ‘एका रवंथाला ५० वेळा चावते’ असं विचित्र वाक्य होईल.

धातुसाधित

एक दुरुस्ती, मराठीपुरतं बरोबर आहे पण मागे गेलं की चित्र बदलतं. ‘रवंथ’ आला संस्कृत ‘रोमन्थ’वरून, आणि पाणिनीच्या काळी तो वस्तूसुद्धा होता.

अष्टाध्यायीत ३.१.१५ हे सूत्र आहे : ‘कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः’. रोमन्थ हे कर्म असताना, म्हणजे ‘रोमन्थाला फिरवतो’ या अर्थी, ‘रोमन्थायते’ असं क्रियापद होतं. ज्याला फिरवायचं ती वस्तू. वर आलेला घास. त्यावरचं वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी टीप, तर फार मजेदार. ते म्हणतं, हे फक्त जबडा हलत असेल तेव्हाच म्हणा. कारण? ‘किडा रोमन्थ फिरवतो’ असंही म्हणतात, तिथे हे रूप नको. म्हणजे शेणाची गोळी लोटत नेणारा किडासुद्धा ‘रोमन्थ’च लोटत होता. शरीरातून बाहेर आलेल्या ऐवजाचा गोळा, मग तो पुढून येवो की मागून. व्याकरणकारांनी गाय आणि शेणकिडा यांच्यात जबड्याची रेघ मारली!

क्रियेचा अर्थही संस्कृतातच तयार झाला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सावलीत बसलेल्या हरणांच्या कळपाने रोमन्थाचा अभ्यास करावा असं दुष्यंत म्हणतो, तिथे रवंथ करण्याची क्रियाच आहे. मराठीने तेवढीच उचलली आणि वस्तूला नाव उरलं नाही. ‘रवंथाचा घास’ला माझा पाठिंबा.

लॅटिन ‘रूमेन’ आणि ‘रोमन्थ’ एकाच मुळाचे असावेत असंही एक मत आहे. इंग्रजीत त्यावरून ‘रुमिनेट’ आला, आधी विचार घोळवणे या अर्थी आणि मग गायीच्या. ‘रुमिनेट’ आणि ‘च्यू द कड’ यांना इंग्रजीत शांतपणे विचार करण्याची छटा आहे. मराठीत ‘जुन्या गोष्टींचा रवंथ’ म्हटलं की बोलणाऱ्याला कंटाळा आलेला असतो. कुठे लाक्षणिक वापर आला तर ‘मनात घोळवणे’ करा.

नालबंद

घोड्याचं राहिलं. पशुवैद्यकात ‘क्विड’ आणि ‘कड’ दोन्ही शब्द रोज वापरात आहेत आणि अर्थ जवळजवळ उलटे आहेत. ‘कड’ असणं ही गायीच्या तब्येतीची खूण. ‘क्विडिंग’ हा घोड्याचा आजार, निदान आजाराचं लक्षण.

घोडा रवंथ करत नाही. एकदा चावलं ते गेलं. दात दुखत असले की तो गवत चावता चावता गालात गोळा करतो आणि गिळता येत नाही म्हणून टाकून देतो. गव्हाणीखाली ओलसर, दोरीसारखे पीळ पडलेले चोथ्याचे गोळे सापडतात, ते ‘क्विड’. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, दाढा दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात, आणि झीज सगळीकडे सारखी होत नाही. वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड धारदार होते. ही मराठी कड, बरं का. ती गाल आणि जीभ कापते. उपाय म्हणजे तोंड उघडं ठेवायचा साचा लावून आतून हाताने चाचपणं आणि धारा कानशीने घासणं. वर्षातून एकदा दात बघावेत, तरुण आणि म्हाताऱ्या घोड्याचे सहा महिन्यांनी. दुर्लक्ष झालं तर घोडा वाळतो, नीट न चावलेल्या गवताने पोटशूळ उठतो. हललेला दात, दाढांच्या फटीत कुजलेलं गवत, क्वचित घशाचा लकवा हीही कारणं असतात, म्हणून नुसती कानस मारून थांबू नये.

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की घोड्याच्या तोंडाला बांधतात ती दाण्याची पिशवी म्हणजे तोबरा, शब्द फारसी. आणि पान खाऊन गाल फुगलेल्या माणसालाही आपण तोबरा भरलाय म्हणतो. ‘क्विड’ला मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर मला ‘विडा’पेक्षा ‘तोबरा’ जवळचा वाटतो.

दाढेखाली

‘तोबरा’ ऐकायला छान, पण वैद्यकीय पुस्तिकेत नको. तोबऱ्याला तोंड भरलेलं लागतं. ओठाखाली धरलेली हरभऱ्याएवढी तंबाखूही क्विडच असते, आणि अपाय तीही करते.

‘विडा’ का चालणार नाही ते सांगतो. दोन कारणं.

पहिलं : विडा तोंडाबाहेरही विडा असतो. पान, चुना, कात, सुपारी घालून दुमडला, लवंग टोचली की झाला विडा, मग तो तबकात असो, देवापुढे असो की पैजेचा असो. क्विड हा तोंडात असतानाचा शब्द आहे. तुमच्या वाक्यात तबक डोळ्यापुढे येतं ते म्हणूनच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. विड्याला पान लागतं. क्विडला लागत नाही. यावर तज्ज्ञांनी बसून ठरवलेली व्याख्या आहे. नोव्हेंबर १९९६मध्ये क्वालालंपूरला याच विषयावर कार्यशाळा झाली, निष्कर्ष १९९९मध्ये छापले गेले. तिथली व्याख्या थोडक्यात अशी : तोंडात ठेवलेला किंवा चघळलेला आणि तोंडाच्या अस्तराला लागून राहणारा पदार्थ किंवा मिश्रण, ज्यात सहसा तंबाखू आणि सुपारी या दोन मूळ घटकांपैकी एक किंवा दोन्ही असतात, कच्च्या किंवा प्रक्रिया केलेल्या स्वरूपात. ‘ठेवलेला किंवा चघळलेला’ हे शब्द निवडून घातलेत, कारण बरेच लोक चावत नाहीत, नुसता धरतात. आणि ‘अस्तराला लागून राहणारा’ हा व्याख्येचा गाभा. किती वेळ आणि कुठे, यावर डाग कुठे पडणार ते ठरतं.

मग त्यांनी घटकांवरून पोटभेद केले : सुपारीचा क्विड, तंबाखूचा क्विड, दोन्हींचा क्विड. ‘बीटल क्विड’ हे नाव पानात गुंडाळलेल्यापुरतं राखून ठेवा, त्यातही तंबाखू आहे की नाही ते लिहा, असा आग्रह. हा काथ्याकूट नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५मध्ये तंबाखूचा विडा कर्करोगकारक ठरवला, तेव्हा बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा पुरेसा धरला नव्हता. २००४च्या अहवालात बिनतंबाखूचा विडाही आणि नुसती सुपारीही त्याच यादीत गेली. ‘मी साधं पान खातो, तंबाखू नाही’ म्हणणाऱ्याला तुमच्या पुस्तिकेतून नेमकं हेच कळायला हवं. सगळीकडे ‘विडा’ लिहिलंत तर खर्रा खाणारा नागपूर-चंद्रपूरकडचा वाचक म्हणेल, हे आपल्याबद्दल नाही. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटलेले असतात, पान औषधालाही नसतं. मावा तसाच. गुटखा तर पुडीतून थेट तोंडात.

आता शब्द. माझी सूचना :

पान असेल तिथे ‘विडा’, आणि लगेच ‘तंबाखूसह’ किंवा ‘बिनतंबाखूचा’.

नुसती तंबाखू असेल तिथे ‘तंबाखूचा बार’ किंवा ‘चिमूट’. चुना लावून तळहातावर मळायची, फुंकर मारायची आणि बार भरायचा, हे ज्याला करायचं तो याच शब्दांत बोलतो.

सगळ्यांना मिळून एकच शब्द हवा असेल तिथे ‘तोंडात धरलेला घास’. हाच शब्द गायीकडेही जातोय हे मला वर वाचताना लक्षात आलं, पण दोन पुस्तिकांचे वाचक वेगळे.

आणि ‘गोळी’ टाळा. कोशात आहे, पण आरोग्याच्या पुस्तिकेत ‘तंबाखूची गोळी’ वाचून माणूस औषध समजेल. तंबाखू सोडवायला निकोटिनच्या गोळ्या खरोखर देतात.

तोंडातल्या जागांची नावंही त्यात येणारच. गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच म्हणजे इंग्रजीतलं ‘व्हेस्टिब्यूल’. कोशातला ‘प्रघाण’ लिहू नका, ‘गालफडात’ किंवा ‘गाल आणि हिरडीच्या फटीत’ लिहा.

अर्धविराम

खूप उपयोग झाला. दोन वाक्यं करून बघितली, तपासाल का?

१. ‘रोज ज्या जागी विडा किंवा तंबाखू धरली जाते, त्याच जागचं अस्तर आधी पांढरं आणि सुरकुतलेलं दिसू लागतं. बार भरण्याची बाजू बदलली तरी जुना डाग आपोआप बरा होतो असं समजू नका.’

२. ‘सुपारी चघळणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागतं, तिखट सोसवत नाही. रवंथ केल्यासारखी सतत सुपारी चघळणं हे याचं मुख्य कारण.’

दाढेखाली

पहिलं चांगलं आहे. ‘विडा, खर्रा किंवा तंबाखू’ करा. आणि दुसऱ्या भागात काय करायचं तेही लिहा : पांढरा किंवा लाल डाग, न दुखणारी जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. न दुखणारी हे आवर्जून, कारण दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात.

दुसऱ्यातला ‘रवंथ’ काढा. रवंथ म्हणजे गिळलेलं परत वर आणणं. माणसात तसं होतं तो वेगळा विकार आहे, त्याला इंग्रजीत ‘रुमिनेशन’च म्हणतात, आणि उद्या कोणी ही पुस्तिका मानसोपचाराच्या भाषांतरासाठी आधाराला घेतली तर घोटाळा. त्यातून नैराश्यात तेच ते विचार घोळत राहण्यालाही ‘रुमिनेशन’ म्हणतात. तिन्ही एका शब्दात नकोत. साधं ‘दिवसभर सुपारी तोंडात धरणं’ लिहा. तोंड कमी उघडण्याची मोजणीही द्या, वाचकाला घरी करता येते : आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायची वेळ झाली आहे.

गोठा क्र. ४

माझ्याकडून एकच. जनावरांच्या पुस्तिकेत ‘कड’च्या चित्राखाली नाव द्यायचं असेल तर ‘रवंथाचा घास’च ठेवा, ‘चोथा’ नको. आमच्याकडे चोथा म्हणजे रस काढून झाल्यावर फेकायचा ऐवज, आणि गुरांनी खाऊन टाकलेल्या वैरणीला चघळ. शेतकरी ते चित्र बघून गायीने टाकून दिलं समजेल. गायीचा घास फेकायचा नसतो, तो परत आत जायचा असतो.

नालबंद

घोड्याच्या चित्राखाली मात्र ‘चोथा’च हवा.

अर्धविराम

घोडा माझ्या पुस्तिकेत नाही, पण टिपून ठेवलं. ‘रवंथाचा घास’ पक्का. ‘विडा, खर्रा किंवा तंबाखू’ पक्कं. शिलाजीतवाली माहिती दोन्हीकडे बसत नाही, याचं वाईट वाटतंय.